माळ्यावरचा कॉम्प्युटर पुन्हा चालू करताना

आमच्या सांगलीच्या घरी १९९७ साली घेतलेला एक असेंबल्ड कॉम्प्युटर आहे. पेंटियम १३३, सोळा एमबी रॅम, दोन जीबीच्या आसपासची हार्ड डिस्क, चौदा इंची मॉनिटर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून इथल्याच एका मेकॅनिकनं तो जोडून दिला होता. त्यावर मी बरीच वर्षं डीटीपीची कामं केली. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका. पुढं नवा कॉम्प्युटर आला आणि हा पोटमाळ्यावर गेला. गेल्या वर्षी तो खाली काढून पुन्हा चालू करावा लागला. त्यात त्रास झाला, थोडा खर्च झाला, आणि काही गोष्टी कळल्या. असा कॉम्प्युटर अजून बऱ्याच जणांच्या घरात पडून असेल, म्हणून जसं घडलं तसं सांगते.

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, प्राथमिक शिक्षक होते. त्यांची बरीच नोकरी पाटण तालुक्यात झाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते तिथंच होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आठवणी वहीत लिहून काढल्या. १९९८ मध्ये मी त्या टाइप केल्या. रोज दुपारी ते शेजारी खुर्ची घेऊन बसायचे आणि स्क्रीनवर आपली ओळ उमटलेली बघायचे. प्रिंट काढल्या, दोन-चार नातेवाइकांना दिल्या. पुस्तक छापायचं राहून गेलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराचं पाणी घरात शिरलं. खालचा मजला गेला. कपाटातली वही, प्रिंटची फाइल, फ्लॉप्यांचा डबा, सगळं पाण्यात होतं. वहीची पानं एकमेकांना चिकटून लगदा झाला होता. नातेवाइकांकडच्या प्रतीही आता कुणाला सापडत नव्हत्या. अण्णांची जन्मशताब्दी जवळ आली तेव्हा नणंदेनं फोनवर विचारलं, "वहिनी, अण्णांचं लिखाण तुमच्याकडं आहे ना?" मी आहे म्हणाले. मनात खात्री नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कॉम्प्युटर माळ्यावर होता म्हणून पाण्यातून वाचला होता. तो खाली उतरवला आणि एका दुकानातून दुरुस्तीवाला बोलावला. त्यानं कॅबिनेट उघडलं नाही, धूळ काढली नाही, सरळ प्लग लावून बटण दाबलं. आतून फाट्कन आवाज आला, जळका वास सुटला आणि घरातला ट्रिपर पडला. "बोर्ड गेला, काकू. आता यात काही राहिलं नाही. भंगाराचे पैसे देतो," असं म्हणून तो कॅबिनेट उचलायला लागला. मी दिला नाही. हार्ड डिस्क आत होती.

इथं पहिली गोष्ट सांगते. बरीच वर्षं बंद असलेला कॉम्प्युटर कधीही तसाच प्लगमध्ये लावू नये. एसएमपीएस म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा; त्यात कपॅसिटर असतात आणि ते नुसते पडून राहिले तरी खराब होतात. आत धूळ, झुरळं, दमट हवा. आमच्याकडं नंतर डबा उघडल्यावर मेलेल्या झुरळांचा थरच निघाला. मागच्या बाजूला ११५ आणि २३० असा छोटा लाल खटका असतो, तोही बघावा. हलवाहलवीत तो ११५ वर सरकलेला असला तर आपल्या विजेवर डबा लगेच उडतो.

पुण्याहून पुतण्या आला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, कामाचा माणूस. त्यानं आधी प्लग काढून ठेवला आणि मग कॅबिनेटवरून हात फिरवत समोरचं बटण दाबून पाहिलं. हलकेच टेकवलं आणि सोडलं. मग म्हणाला, "काकू, बटण अडकतंय." मी त्याला म्हटलं, ते अडकत नाही, ते आत जाऊन तिथंच बसतं. पूर्ण दाबायचं, खट् असा आवाज येईपर्यंत. बंद करायचं असेल तर पुन्हा दाबायचं, की बाहेर येतं.

त्याला हे माहीत असायचं कारण नव्हतं. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स ही रचना आणली, आणि तेव्हापासून कॉम्प्युटरचं बटण नुसता इशारा देतं. बोर्ड तो इशारा ऐकतो आणि वीज सुरू करायला सांगतो. कॉम्प्युटर बंद दिसला तरी प्लग चालू असेपर्यंत थोडी वीज आत जागी असते. अडकला तर बटण चारेक सेकंद दाबून धरायचं. आपल्याकडं त्यानंतरही काही वर्षं जुन्या एटी पद्धतीचीच कॅबिनेटं विकली जात होती. आमचं त्यातलंच. त्यात एसएमपीएसमधून जाड वायर निघून थेट समोरच्या बटणापर्यंत येते आणि घरातली २३० व्होल्टची वीज त्या बटणातूनच जाते. बटण आत म्हणजे चालू, बाहेर म्हणजे बंद. बोटाला कळायचं, अंधारातही कळायचं.

मला ते बटण फार आवडायचं. पण त्यातला धोकाही सांगायला हवा. कॉम्प्युटर बंद असला तरी प्लगमध्ये असेल तर त्या बटणाच्या मागच्या पट्ट्यांवर २३० व्होल्ट असतात. त्यावरचं रबरी किंवा प्लॅस्टिकचं टोपण इतक्या वर्षांत कडक होऊन तडकतं. तेव्हा असं कॅबिनेट उघडताना आधी प्लग भिंतीतून काढावा. नुसतं समोरचं बटण बंद केलंय यावर जाऊ नये. मॉनिटरचं तर त्याहून कडक. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये प्लग काढल्यावरही बराच वेळ हजारो व्होल्टचा भार राहू शकतो. तो घरी उघडूच नये.

बटणांवरून आठवलं. १९९४ मध्ये मी ज्या क्लासला जात होते तिथल्या कॉम्प्युटरला तीन बटणं आणि एक किल्ली होती. पॉवर, रिसेट आणि टर्बो. किल्लीनं कीबोर्डला कुलूप घालता यायचं. समोर हिरव्या आकड्यांत ६६ दिसायचं. टर्बो दाबलं की आकडा बदलायचा आणि आम्हाला वाटायचं, आता गाडी सुसाट. सरांनी सांगितलं की ते बटण मुळात वेग कमी करता यावा म्हणून दिलेलं आहे. पहिल्या आयबीएम पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता आणि त्या वेगावर बेतलेले काही जुने प्रोग्रॅम, विशेषतः खेळ, नव्या मशीनवर इतके पळायचे की वापरता यायचे नाहीत. त्यांच्यासाठी मशीन हळू करायची ती सोय. समोरचा आकडासुद्धा कुणी मोजत नव्हतं. कॅबिनेट जोडणारा जंपर लावून हवा तो आकडा ठेवायचा. हे ऐकून मला थोडं वाईट वाटलं होतं, तरी ६६ दिसल्याशिवाय काम सुरू करावंसं वाटायचं नाही.

आमच्या घरच्या कॉम्प्युटरला रिसेटचं बटण पॉवरच्या खालीच होतं, बरोबर दोन वर्षांच्या मुलाच्या उंचीवर. एका पतसंस्थेचा ताळेबंद त्यानं असाच घालवला. त्यानंतर मी त्या बटणावर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवला. तो पुठ्ठा अजून तिथंच आहे. लोडशेडिंगच्या दिवसांत यूपीएस ओरडायला लागला की कंट्रोल-एस, मग प्रोग्रॅम बंद, मग विंडोज बंद, मग बटण, हा क्रम घरातल्या सगळ्यांना पाठ होता.

आता पुढचं. पुतण्याला पहिली काळजी हार्ड डिस्कची होती, आणि ते बरोबरच होतं. त्यानं ती कॅबिनेटमधून काढली. पुण्याहून येताना तो आयडीई डिस्क यूएसबीला जोडायचा अ‍ॅडॉप्टर घेऊन आला होता. घेताना एक बघावं लागतं. या डिस्कला बारा व्होल्टची वीज लागते, ती लॅपटॉपच्या यूएसबीतून मिळत नाही, म्हणून स्वतंत्र वीजपुरवठा असलेलाच अ‍ॅडॉप्टर हवा. डिस्कच्या मागचा छोटा जंपर 'मास्टर'वर हवा.

वीज दिली. आधी काहीच नाही. मग आतली चकती फिरायला लागल्याचा तो चढत जाणारा आवाज आला आणि पाठोपाठ कट-कट-कट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुतण्यानं फाइली उघडून बघायची घाई केली नाही. आधी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत लॅपटॉपवर घेतली. जुनी डिस्क किती वेळ फिरेल याचा भरवसा नसतो, म्हणून तिच्यावर काही लिहायचं नाही, शोधाशोध करायची नाही, आधी प्रत. प्रत झाल्यावर डिस्क काढून ठेवली आणि मग प्रतीत बघितलं. अण्णांच्या नावाचा फोल्डर होता. प्रकरणवार फाइली होत्या. नणंदेला लगेच फोन केला.

फाइल उघडली आणि स्क्रीनवर रोमन अक्षरं, आकडे, टिंबं आणि कसल्याशा खुणा आल्या. मराठी एक अक्षर नाही.

हे का होतं ते डीटीपीवाल्यांना माहीत आहे, इतरांसाठी सांगते. आज आपण मोबाइलवर मराठी लिहितो ते युनिकोडमध्ये. त्यात 'क'ला स्वतःचा जगभर मान्य क्रमांक आहे. विंडोजमध्ये देवनागरीची ही सोय विंडोज २००० पासून आली. त्याआधी श्रीलिपी, आकृती, पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम अशी सॉफ्टवेअरं होती. त्यांच्या बहुतेक फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धा 'स' वेगळा. त्या फॉन्टशिवाय फाइलमध्ये नुसते त्या रोमन अक्षरांचे क्रमांक उरतात. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. आणि सॉफ्टवेअर चालायला प्रिंटरच्या पोर्टला एक छोटं 'लॉक' लावावं लागायचं. ते नसेल तर सॉफ्टवेअर उघडायचं नाही. फाइली पेजमेकरच्या होत्या, तो प्रोग्रॅमही नव्या लॅपटॉपवर नव्हता.

माझं लॉक कॅबिनेटच्या मागं लावलेलंच राहिलं होतं. तेव्हा ठरलं की हाच कॉम्प्युटर उभा करायचा.

ज्या मेकॅनिकनं १९९७ मध्ये तो जोडला होता ते आता दुकान चालवत नाहीत, पण घरी थोडंफार काम करतात. ते आले. त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं, "वहिनी, बोर्ड गेलाय असं वाटत नाही. एसएमपीएस उडालाय." एटीचा एसएमपीएस आता दुकानात मिळत नाही. नव्या एटीएक्सला जोडायची वायर मिळते, पण त्यांच्याकडं जुन्या सामानात एक तपासलेला डबा होता. तो लावताना त्यांनी पुतण्याला जवळ बोलावलं. बोर्डाला विजेचे दोन सारखे दिसणारे प्लग लागतात, पी-आठ आणि पी-नऊ. त्यांची अदलाबदल होऊ शकते, आणि झाली तर बोर्ड जळतो. खूण एकच. दोन्ही प्लगमधल्या काळ्या वायरी मध्यभागी, एकमेकींच्या शेजारी आल्या पाहिजेत. हे त्यांनी पुतण्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. पुतण्यानं मोबाइलवर फोटो काढून ठेवला.

हार्ड डिस्क न लावताच बटण दाबलं. खट्. पंखा फिरला, आणि थांबून थांबून लांब शिट्टी वाजायला लागली. पुतण्या घाबरला. मी आणि मेकॅनिक एकदमच म्हणालो, "रॅम." तेव्हाचे कॉम्प्युटर स्क्रीनवर काही दिसायच्या आधी शिट्टीनं दुखणं सांगायचे. आमच्या बोर्डावर सारखी लांब शिट्टी म्हणजे रॅम, एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे डिस्प्ले कार्ड. रॅमच्या पट्ट्या काढल्या, त्यांच्या सोनेरी कडा शाळेतल्या खोडरबरनं घासल्या, कोरड्या ब्रशनं खाच झाडली आणि परत बसवल्या. पेंटियमला या पट्ट्या जोडीनंच लागतात, एक लावून चालत नाही. तिरकी घालायची आणि उभी करायची, मग दोन्ही बाजूंच्या पकडी बसतात.

या वेळी एकच छोटी पीं आली. काळ्या पडद्यावर पांढरे आकडे चढत गेले आणि १६३८४ वर थांबले. रॅम मोजून झाली. खाली ओळ आली की बॅटरीवर राहणारी माहिती गेली आहे, एफ-वन दाबा. बोर्डावरची बॅटरी संपली होती. ही नाण्यासारखी बॅटरी, सीआर २०३२, घड्याळवाल्याकडं पन्नास रुपयांच्या आत मिळाली. तुमचा बोर्ड याहून जुना असेल आणि त्यावर छोट्या पिंपासारखी बॅटरी डाग दिलेली असेल, तर ती आधी तपासून घ्या. ती गळते आणि आजूबाजूचा बोर्ड खाते.

मग डिलीट दाबून सेटअपच्या निळ्या पडद्यावर गेलो. बॅटरी गेल्यावर कॉम्प्युटर आपली हार्ड डिस्कही विसरतो. तारीख-वेळ घातली, डिस्क लावली, तिथल्या यादीतून डिस्क आपोआप ओळखण्याचा पर्याय घेतला. ही वाट माझ्या बोटांना अजून माहीत होती. वाचावं लागलं नाही. त्याचं मला बरं वाटलं.

विंडोज ९५ चे ढग दिसले. मॉनिटरचे रंग एका कोपऱ्यात जांभळट झाले होते. त्याच्या मेनूमध्ये डीगॉस आहे, ते दाबलं की थरथरून रंग जागेवर येतात. आले. पेजमेकर उघडला, फाइल उघडली, आणि अण्णांचं पहिलं वाक्य मराठीत समोर आलं. आम्ही तिघंही थोडा वेळ बोललो नाही. मग मेकॅनिकच म्हणाले, आता उगाच थांबू नका, काम उरका.

काम दोन प्रकारे केलं. एक, प्रत्येक प्रकरणाचा नुसता मजकूर पेजमेकरमधून टेक्स्ट फाइलमध्ये काढला. दोन, पानं जशी दिसतात तशी पोस्टस्क्रिप्ट फाइलमध्ये प्रिंट केली, फॉन्ट आत घालून. प्रिंटर जोडलेला असावा लागत नाही, फाइलमध्ये प्रिंट करायचा पर्याय असतो. नंतर डिस्क पुन्हा लॅपटॉपला जोडून दोन्ही फाइली उचलल्या. पोस्टस्क्रिप्टची पीडीएफ झाली, म्हणजे मूळ पान कसं होतं ते डोळ्यांसमोर राहिलं. मजकूर पुतण्यानं त्या फॉन्टचा कन्व्हर्टर शोधून युनिकोडमध्ये आणला.

कन्व्हर्टरवर पूर्ण विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा आहे. बदलताना जोडाक्षर आलं की वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. 'र्‍य', 'श्र', 'क्ष' हेही तपासावे लागतात. मी पीडीएफ शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचली. वेळ गेला, पण भूकंपाच्या प्रकरणात गावांची आणि माणसांची नावं आहेत, ती चुकून चालणार नव्हतं.

त्या दिवशी काम संपल्यावर विंडोज बंद केलं. काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत ओळ आली की आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही. पुतण्या वाट बघत राहिला. त्याला वाटलं, होईल आपोआप बंद. मी म्हटलं, तो आपल्यासाठी थांबलाय, आता तू दाब. त्यानं दाबलं. पंखा थांबला, डिस्क उतरत्या आवाजात थांबली. पूर्वी रोज रात्री ते बटण बाहेर आलं की माझं काम संपायचं. आताचा कॉम्प्युटर बंद झाला की झोपलाय हे मला बघून कळत नाही, आणि हातानं काहीतरी संपवल्याचं समाधानही मिळत नाही. मला ते अजून हवंसं वाटतं.

खर्च म्हणाल तर अ‍ॅडॉप्टर, बॅटरी आणि मेकॅनिकनं संकोचत घेतलेले थोडे पैसे. पुस्तकाची फाइल आता पुतण्याकडं, नणंदेकडं आणि माझ्याकडं आहे, आणि कागदावर एक प्रत वरच्या मजल्यावर. कॉम्प्युटर मी ठेवला आहे. महिन्या-दोन महिन्यांनी थोडा वेळ चालू करते. ज्यांना ठेवायचा नाही त्यांनी नोंदणी असलेल्या ई-कचरा केंद्रात द्यावा. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, तो फोडून विकणाऱ्याला देऊ नये.

डीटीपी केलेल्या माझ्या बरोबरीच्या लोकांना एक विनंती. तुमच्याकडं गावांच्या स्मरणिका, कुलवृत्तान्त, कुणाच्या कविता, कुणाचं आत्मचरित्र जुन्या फॉन्टमध्ये पडून असेल. ज्यांचं ते आहे त्यांच्याकडं कदाचित दुसरी प्रत नसेल. कॉम्प्युटर, लॉक आणि तो चालवता येणारा माणूस, तिन्ही आहेत तोवरच ते निघतं. लॉक टाकून देऊ नका, कॅबिनेट भंगारवाल्याला देऊ नका. आधी हार्ड डिस्क काढून तिची प्रत करून घ्या. बाकीचं सावकाश केलं तरी चालेल.